‘मशीन नको, लेझरनं करा’ : हिरड्यांच्या सफाईची पार्श्वभूमी

"मशीननं दात साफ केले की ते हलायला लागतात." मराठवाड्यात दातांच्या कुठल्याही दवाखान्याबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसा, हे वाक्य कानावर पडतंच. हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरंही येतं: "मशीन नको, लेझरनं करा." नांदेडच्या डॉक्टर लेनपासून तालुक्याच्या गावापर्यंत पाट्यांवर लेझर हा शब्द दिसू लागला, त्यामागे ही जुनी भीती बरीच आहे. पण ज्या सफाईला लोक घाबरतात तिचा इतिहास लेझरपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि तो माहीत असला की पाटी वेगळ्या नजरेनं वाचता येते.

आधी कीटणाबद्दल. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं हंड्याला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर धरतो, म्हणून दातांवरचा थरही त्या पाण्याचाच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि लाळेतल्याच कॅल्शियम-फॉस्फेटनं तो दगडासारखा घट्ट होतो. फिल्टरचं पाणी पिणाऱ्यालाही कीटण होतं. ते हिरडीच्या खाली उतरलं की हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो आणि आतलं हाड हळूहळू झिजतं. लोक याला पायरिया म्हणतात. निरोगी हिरडीत डॉक्टरांची मोजपट्टी एक ते तीन मिलिमीटर आत जाते. चारच्या पुढे गेली आणि रक्त आलं की काळजी करायची. या खिशात उतरून मुळावरचं कीटण काढणं म्हणजे डीप क्लिनिंग. वरवरच्या सफाईपेक्षा हे काम वेगळं आहे. त्याला भूल लागते, कधी दोन-तीन खेपाही लागतात.

मग दात हलतात ते का? कीटणाचा थर कधी कधी शेजारशेजारच्या दातांना पुलासारखा धरून ठेवतो. आतलं हाड आधीच गेलेलं असतं. पूल निघाला की हलणं उघडं पडतं, सुजलेली हिरडी आकसते, फटी दिसतात, थंड पाणी झोंबतं. नाव मात्र मशीनचं खराब होतं.

कीटण काढायचं हे माणसाला फार पूर्वीच उमगलं होतं. सुश्रुतसंहितेत दंतशर्करा नावाचा विकार आहे, तो खरवडायला दंतशंकू नावाचं शस्त्र आहे, आणि दाताच्या मुळांना इजा न करता शर्करा काढावी अशी सूचनाही आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॉर्डोव्हाच्या अल-झहरावी या वैद्यानं आपल्या वैद्यकीय ग्रंथात दात खरवडण्याच्या चौदा हत्यारांची चित्रं दिली. अमेरिकेत 1876 मध्ये दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी आग्रहानं मांडलं की हिरडी कापत बसू नका, आजाराचं मूळ दातावरच्या घाणीत आहे, ती नीट खरवडा. त्या काळी तिकडे पायरियाला ‘रिग्जचा रोग’च म्हणत. तरी घाणीतलं नेमकं काय हिरडी बिघडवतं, याचा स्वच्छ पुरावा यायला 1965 उजाडलं. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झाल्यावर त्या पूर्ववत झाल्या.

लोक ज्याला मशीन म्हणतात तो अल्ट्रासोनिक स्केलर 1950 च्या दशकात आला. टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्यासह कीटण फोडतं. तेव्हाही आजच्यासारखाच प्रश्न विचारला गेला: हातानं बरं की मशीननं? स्वीडनमध्ये बाडेर्स्टेन आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही ताडून पाहिलं. निकाल सारखाच आला. खोल खिसेसुद्धा शस्त्रक्रियेविना, नुसत्या नीट सफाईनं आणि रोजच्या घासण्यानं सुधारले. माझ्या मते हिरड्यांच्या उपचाराच्या इतिहासातलं हे सर्वांत दुर्लक्षित पान आहे, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

आता लेझर. थिओडोर मायमन यांनी पहिला लेझर 1960 मध्ये पेटवला, माणकाचा स्फटिक वापरून. लगेच दंतवैद्यकात प्रयोग सुरू झाले. 1965 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो आपल्या भावाच्या दातावर मारून पाहिला. भाऊ स्वतः दंतवैद्य होता. दुखलं नाही, पण माणकाच्या लेझरची उष्णता दाताच्या आतल्या नसेला मारते हे इतर प्रयोगांतून दिसलं आणि उत्साह ओसरला. दरम्यान 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. मऊ भाग कापायला तो पुढे शस्त्रक्रियेत फार चालला. तो घडवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. आपल्याकडे लेझरच्या जाहिराती इतक्या, पण हे नाव कुणी घेत नाही.

खास दातांसाठीचा लेझर 1990 च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आला. त्यामागे मायर्स बंधू होते, एक दंतवैद्य, दुसरा डोळ्यांचा डॉक्टर. डोळ्यांच्या ऑपरेशनचं यंत्र दातांकडे वळवण्याची कल्पना तिथून निघाली. 1997 मध्ये तिथेच एर्बियम हे मूलद्रव्य वापरणाऱ्या लेझरला दातासारख्या कठीण भागासाठी परवानगी मिळाली. मग छोटे, तुलनेनं स्वस्त डायोड लेझर आले आणि गावोगावच्या दवाखान्यांत टेबलावर बसले.

पाटीवर जे लिहिलेलं नसतं ते इथे येतं. डायोडचा प्रकाश रक्तातल्या आणि कातडीच्या रंगद्रव्यात शोषला जातो. तो सुजलेला मऊ भाग काढतो, जंतू मारतो, रक्त थांबवतो. मुळावरचा दगड मात्र काढत नाही. म्हणजे ‘लेझर डीप क्लिनिंग’मध्येही आधी हातानं किंवा मशीननं खरवडणं आलंच. पाण्यात शोषला जाणारा एर्बियम लेझर कीटण काढू शकतो, पण तो महाग. टोक एकाच जागी रेंगाळलं तर उष्णतेनं मूळ आणि हाड दुखावतं, ते वेगळंच. अमेरिकेतल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये पुरावा तपासून सांगितलं की नेहमीच्या सफाईपेक्षा लेझरचा जादा फायदा बेताचाच, एक मिलिमीटरच्याही आतला. युरोपीय संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शिकेत तर सफाईला लेझरची जोड देऊ नये असंच सुचवलं.

मराठवाड्यात हा सगळा इतिहास उशिरा आणि एकदम पोचला. सरकारी दंत महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, 1982 मध्ये सुरू झालं. त्याआधी दात म्हणजे दुखला की उपटायचा. घासायला कडुलिंबाची काडी, राखुंडी, आणि बायकांत मिश्री. तंबाखू हिरडीचा रक्तपुरवठा आकसवतो, त्यामुळे आतून आजार वाढत असताना रक्त कमी येतं आणि माणूस निर्धास्त राहतो. साखरेचा आजार सोबतीला असेल तर हाड आणखी लवकर जातं.

जिंतूरकडच्या माझ्या मावशीनं चाळीस वर्षं मिश्री लावली. तिलाही लेझरच हवं होतं. डॉक्टरांनी चार खेपांत साध्या हत्यारांनी सफाई केली आणि ट्रेमधले काळपट-हिरवे तुकडे तिला दाखवले. मडक्याच्या खापऱ्या असाव्यात तसे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तर सात मिलिमीटरचे खिसे चारवर आले होते, वास गेला होता. खालचा पुढचा एक दात मात्र पडला. मावशी अजून सांगते, "मशीननंच हालवला बघ माझा दात." मिश्री आता फक्त सकाळी लावते.