वृद्धाश्रमातील खाजगीपणा

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात कायमच्या मुक्कामाला असलेल्या व्यक्तीचे शरीर, सामान, फोन-पत्रे व आजाराची माहिती परक्या नजरेपासून राखण्याची रीत आणि त्यासंबंधीचे नियम.

या कल्पनेचा उगम कोठे धरावा, हे व्याख्येवर ठरते. रुग्णाची गोष्ट बाहेर न बोलण्याचा वैद्यकीय संकेत फार जुना आहे, पण तो वैद्याला बांधतो. इमारतीला किंवा मदतनिसाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 16 डिसेंबर 1991 च्या 18 तत्त्वांत संस्थेत राहणाऱ्या वृद्धांच्या खाजगीपणाचा उल्लेख येतो, मात्र ती बंधनकारक नाहीत. म्हणून अमेरिकेचा 1987 चा नर्सिंग होम सुधारणा कायदा हा आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याखालील नियम थेट बांधकामापर्यंत जातात : 31 मार्च 1992 नंतर प्रथम मान्यता मिळालेल्या गृहात, एकट्याची खोली सोडून, प्रत्येक खाटेभोवती छताला टांगलेला पडदा हवा.

भारतात 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 19 जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार वृद्धांची सोय, वैद्यकीय सेवा व करमणूक यांविषयी बोलते, खाजगीपणाविषयी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

अंग पुसताना (स्पंजिंग) कसोटी लागते. पाणी, फडकी, टॉवेल, डायपर, कपडे आधीच खाटेशी आणावे लागतात. डायपर विसरला की मदतनीस पडदा अर्धवट सोडून धावतो आणि आजी उघड्या राहतात. दार वाजवून, काय करणार ते सांगून, चादरीखालूनच कपडे उतरवतात. पुसायचा तेवढाच भाग उघडा करून, कोरडा करून झाकतात, मग पुढचा. गुप्तांग शेवटी, पाणी व फडके बदलून. हात चालत असेल तर फडके त्यांच्याच हाती देतात. पडद्याने आवाज अडत नाही. ‘संडास झाली का?’ हे खाटेजवळ जाऊन हळू विचारायचे असते.

न्हाणीघराचे दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडते. या भीतीने दार उघडे ठेवायला लावतात. बाहेर उघडणारे दार आणि बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी बसवली, की ही सक्ती उरत नाही.

महाराष्ट्रात वाढदिवसानिमित्त अन्नदानाला येणाऱ्यांचे मोबाइल हा वेगळाच प्रश्न आहे. फोटोची परवानगी व्यवस्थापकाकडे मागितली जाते, ताट हातात घेतलेल्या आजोबांकडे क्वचितच.