जुन्या गाडीची स्टेपनी मागवण्याआधी

‘डिकीतल्या स्टेपनीवर आहे तेच माप पाठवा’ एवढंच सांगून दिलेली ऑर्डर बहुतेक वेळा आमच्याकडे परत येते. टायर चांगला असतो, रिमवरही बसतो, पण तो त्या गाडीचा नसतो. इतक्या वर्षांत गाडीचे मालक बदललेले असतात, चालती चाकंही बदललेली असतात. डिकीतल्या चाकाकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. तेव्हा माप स्टेपनीवरून घेऊ नका. चालत्या चारही चाकांवरून घ्या, आणि पुढच्या-मागच्या चाकांचं माप एकच आहे ना, तेही बघा.

खरा घोळ होतो तो उंचीत. जुन्या क्रॉसप्लाय टायरवर (आतले दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे) ५.६०-१५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. साठच्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलला हेच माप असायचं. त्याऐवजी रेडियलमध्ये (यात थर सरळ आडवे असतात) १६५ आर १५ चालतो, म्हणजे रुंदी १६५ मि.मी. आणि रिम १५ इंच. यावर टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचा आकडा नसतो. तो रुंदीच्या साधारण ८० टक्के धरायचा. ग्राहक मात्र १६५ आणि १५ जुळले की १६५/६५ आर १५ मागवून मोकळे होतात; त्यात उंची रुंदीच्या ६५ टक्केच असते.

आता हिशेब बघा. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मि.मी. खालचे-वरचे मिळून २६४, त्यात रिमचे ३८१. चाक झालं ६४५ मि.मी. उंच. ६५ वालं भरतं ५९६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर बुटकं. दर किलोमीटरला ते चाळीसेक फेरे जास्त घेतं. इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्या जोडीत ते लावलं, तर वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत झिजत राहतो.

म्हणून आम्ही चारही टायरच्या बाजूवरच्या आकड्यांचे फोटो आणि स्टेपनीच्या खाचेची रुंदी-खोली मागतो. काहींना हे नसते सोपस्कार वाटतात. पण रुंद टायर खाचेत न बसल्यामुळे डिकीचं झाकण लागत नाही, हे टायर घरी पोचल्यावर कळण्यापेक्षा आधी पाच मिनिटं टेप लावलेली बरी.

चारही चाकं रेडियल असतील तर क्रॉसप्लाय स्टेपनी आम्ही देत नाही, कितीही आग्रह केला तरी. एकाच अ‍ॅक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला क्रॉसप्लाय असला की वळणावर गाडीचा भरवसा राहत नाही.

नक्षी शाबूत आहे म्हणून जुनीच स्टेपनी ठेवायची असेल, तर बाजूवरचा तारखेचा आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आकडा तीनच अंकी असेल तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो न वापरताही कडक झालेला असतो. अंगठ्याने बाजू दाबून वाकवली की बारीक भेगा दिसतात.

तारांच्या चाकांना ट्यूब लागतेच, आणि रेडियलमध्ये रेडियलचीच ट्यूब घाला. गाडीला अलॉय चाकं आणि स्टेपनी लोखंडी असेल तर तिचे नटही बहुधा वेगळे लागतात; ते स्टेपनीसोबतच ठेवा.

फोटो पाठवलेत की बसणारी मापं आम्ही लिहून कळवतो. टायर आमच्याकडून घ्या किंवा घेऊ नका, हिशेबाचे पैसे लागत नाहीत.