'बाय' की 'टिल'? एका 'पर्यंत'ची दोन इंग्रजी रूपं

"शुक्रवारपर्यंत फॉर्म पाठवा" आणि "शुक्रवारपर्यंत इथेच राहा". मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' आहे आणि कानाला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात 'बाय फ्रायडे' येतं, दुसऱ्यात 'टिल फ्रायडे'. 'सेन्ड द फॉर्म टिल फ्रायडे' म्हटलं, तर शुक्रवार येईतो फॉर्म पाठवतच राहायचा, असा अर्थ होतो.

दिवस किंवा वेळ बघून शब्द निवडला की हमखास चुकतं. बघायचं ते क्रियापदाकडे. पाठवणं, पोचणं, भरणं, संपवणं ही कामं एकदाच होऊन जातात. त्यांना मुदत असते, म्हणून 'बाय'. थांबणं, राहणं, झोपणं, वाट पाहणं हे चालू राहतं. ते कुठवर चालणार हे 'टिल' किंवा 'अन्टिल' सांगतं. शंका आली तर 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. "दहाच्या आत घरी ये" सहज म्हणता येतं, म्हणून 'कम होम बाय टेन'. "दहाच्या आत झोपून राहा" म्हणवत नाही, म्हणून 'स्लीप टिल टेन'.

काही क्रियापदं दोन्हीकडे बसतात. "मी पाचपर्यंत पुस्तक वाचेन" म्हणजे वाचून संपवेन की वाचत बसेन? संपवणार असाल तर 'फिनिश द बुक बाय फाइव्ह', वाचत बसणार असाल तर 'रीड टिल फाइव्ह'.

खरं तर हा भेद मराठीला नवा नाही. "एव्हाना तो पोचला असेल" यातलं 'एव्हाना' म्हणजे नेमकं 'बाय नाउ'. "आतापर्यंत तो इथेच होता" यात 'अन्टिल नाउ'. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो मागे पडत चाललाय, याचं वाईट वाटतं.

सर्वांत जास्त घोटाळा नकारात होतो. 'द पार्सल वोन्ट अराइव्ह अन्टिल मंडे' म्हणजे सोमवारच्या आधी पार्सल येणार नाही, सोमवारी अपेक्षित आहे. 'द पार्सल वोन्ट अराइव्ह बाय मंडे' म्हणजे सोमवार संपला तरी ते आलेलं नसेल. पोचणं एका क्षणाचं, मग पहिल्या वाक्यात 'अन्टिल' कसं चाललं? कारण 'न पोचणं' ही चालू राहणारी अवस्था आहे.

दुसरा सापळा आपल्याच वाक्यरचनेतून येतो. "तो येत नाही तोपर्यंत थांब" हे उत्तम मराठी आहे, पण त्यातला 'नाही' उचलून 'वेट अन्टिल ही डझन्ट कम' म्हटलं की वाक्य फसतं. 'अन्टिल'पुढे ना नकार, ना 'विल': 'वेट अन्टिल ही कम्स'. आणि 'बाय'पुढे असं पूर्ण वाक्य थेट जोडता येत नाही, तिथे 'बाय द टाइम' लागतं: 'बाय द टाइम ही कम्स, वुई विल हॅव लेफ्ट', म्हणजे तो येईल तेव्हा आपण निघून गेलेलो असू.

'पर्यंत' अंतरालाही चालतं, 'टिल' चालत नाही. "स्टेशनपर्यंत चालत जा" याला 'वॉक टिल द स्टेशन' नव्हे, 'वॉक अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन'. जागेच्या नावापुढचा 'बाय' तर 'शेजारी' असा अर्थ देतो: 'बाय द विंडो' म्हणजे खिडकीपाशी. आकड्यापुढे तो फरक दाखवतो. 40 ची संख्या 'बाय 10' वाढली तर 50 होते. 'टू 50' म्हटलं तर वाढून 50 वर पोचली.

'बाय फ्रायडे'मध्ये सहसा शुक्रवार धरतात, पण दिवसाच्या सुरुवातीला की शेवटी, यावरून वाद होतात. करारात किंवा अर्जात 'ऑन ऑर बिफोर' लिहून पुढे तारीख आणि वेळ द्यावी. 'टिल फ्रायडे'तही तीच अडचण, तिथे 'अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे' लिहावं.

स्पेलिंगमध्ये 'टिल'ला शेवटी दोन एल, 'अन्टिल'ला एकच. 'टिल' हे 'अन्टिल'चं तोडलेलं रूप नव्हे. उलट दोघांत तोच जुना आहे.