मर्ज आणि रिप्लेस: फाइलमध्ये नसलेल्या ओळीचे काय होते?

सिस्कोच्या स्विचवर (नेटवर्कमधली उपकरणे एकमेकांना जोडणारे यंत्र) तयार कॉन्फिगरेशनची फाइल कमांड लाइनवरून लागू करण्याचे दोन मार्ग आहेत: 'कॉपी' कमांडने ती रनिंग-कॉन्फिगवर (स्विचवर सध्या चालू असलेले कॉन्फिगरेशन) पाठवणे किंवा 'कॉन्फिगर रिप्लेस' चालवणे. दोन्ही वेळा फाइल तीच असते आणि काम संपल्यावर प्रॉम्प्टही तसाच परत येतो, म्हणून बऱ्याच स्विचसाठी स्क्रिप्ट लिहिणारा नवखा अभियंता दोन्ही एकच समजतो. फरक आहे तो फाइलमध्ये जे लिहिलेलेच नाही, त्याचे काय करायचे याबाबत.

फसगत होते ती मुख्यतः 'कॉपी' या नावामुळे. स्टार्टअप-कॉन्फिगवर (स्विच सुरू होताना वाचले जाणारे, जतन केलेले कॉन्फिगरेशन) कॉपी केली तर जुना मजकूर जाऊन नवा येतो. पण रनिंग-कॉन्फिगवर केली तर फाइलमधल्या ओळी कोणी टर्मिनलवर बसून एकेक टाइप कराव्यात तशा चालू कॉन्फिगरेशनमध्ये मिसळतात. हेच मर्ज. होस्टनेमसारखी एकच किंमत घेणारी सेटिंग त्यात बदलते, मात्र एनटीपी (घड्याळ जुळवून देणाऱ्या) सर्व्हरची नवी ओळ जुनीच्या शेजारी जाऊन बसते, आणि जुनी काढायची असेल तर 'नो'ने सुरू होणारी ओळ आपणच फाइलमध्ये लिहावी लागते. याहून चकवणारी गोष्ट पोर्टची आहे. रनिंग-कॉन्फिगमध्ये एरवी डिफॉल्ट सेटिंग दिसत नाही, त्यामुळे चालू पोर्टखाली 'नो शटडाउन' (पोर्ट चालू करणारी) अशी ओळ नसते. परिणामी चुकून बंद केलेला पोर्ट कालचा बॅकअप मर्ज करूनही बंदच राहतो आणि दोष बिचाऱ्या बॅकअपला मिळतो. मर्ज म्हणजे फक्त भर, असे मानणेही धोक्याचे: ट्रंकवर (अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, वाहून नेणाऱ्या पोर्टवर) परवानगी असलेल्या व्हीलॅनची ओळ 'अ‍ॅड' शब्दाविना दिली, तर आधीची सगळी यादी पुसली जाऊन तेवढाच एक व्हीलॅन उरतो.

'कॉन्फिगर रिप्लेस' फाइल आणि चालू कॉन्फिगरेशन यांतला फरक काढून लागणाऱ्या 'नो'च्या ओळी स्वतः तयार करते, आणि ओळी एकमेकींवर अवलंबून असल्यास कमाल ५ फेऱ्या करते. म्हणून तिला पूर्ण फाइल लागते, शक्यतो स्विचनेच जतन केलेली. एनटीपीच्या दोन ओळींचा तुकडा दिल्यास मॅनेजमेंटच्या आयपीसकट (स्विच दुरून हाताळण्याचा पत्ता) बाकीचे काढून टाकायला ती निघेल. 'टाइम' देऊन मिनिटे ठरवली, तर मुदतीत 'कॉन्फिगर कन्फर्म' न आल्यास स्विच आधीच्या कॉन्फिगरेशनवर मागे फिरतो. त्यासाठी आर्काइव्ह (कॉन्फिगरेशनच्या प्रती जपून ठेवण्याची सोय) आधी सुरू हवे. आणखी एक मर्यादा अशी की व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची माहिती वाटणारा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमधले व्हीलॅन 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये राहतात, तेव्हा रिप्लेसने ते परत येतील ही अपेक्षा ठेवू नये.

एखादी ओळ सर्वत्र घालायची असेल तर मर्ज पुरते. हाताने केलेल्या फेरफारांमुळे प्रमाण कॉन्फिगरेशनपासून भरकटलेले स्विच ताळ्यावर आणायचे असतील, तर माझ्या मते रिप्लेसला पर्याय नाही. पायथनमधील नॅपाम या लायब्ररीत दोन्हींसाठी स्वतंत्र फंक्शन आहेत आणि बदल कायम करण्याआधी फरक पाहण्याची सोयही आहे. ती टाळू नये. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या उपकरणांवर मात्र शब्द जपून वापरावेत, कारण तिथले 'लोड रिप्लेस' केवळ खूण केलेले भाग बदलते; संपूर्ण कॉन्फिगरेशन बदलण्यासाठी 'लोड ओव्हरराइड' आहे.