स्कॉट, सर पर्सी

स्कॉट, सर पर्सी : (१० जुलै १८५३–१८ ऑक्टोबर १९२४). ब्रिटिश नौसेनाधिकारी व नाविक तोफखान्याचे सुधारक. जन्म उत्तर लंडनमधील कॅननबरी येथे. वयाच्या तेराव्या वर्षी, १८६६ मध्ये, ते आरमारात दाखल झाले. पुढे पोर्ट्‌समथ येथील ‘एक्सलंट’ या तोफखाना प्रशिक्षण केंद्रात शिकून ते तिथेच शिकवू लागले. तोफ हा विषय त्यांनी तेव्हापासून सोडला नाही.

त्या काळच्या ब्रिटिश आरमारात गोलंदाजीला, म्हणजे तोफांच्या नेमबाजीला, फारशी किंमत नव्हती. अनेक दशके समुद्रावर मोठी लढाई झालेली नव्हती. जहाज किती चकचकीत आहे, पितळ किती घासलेले आहे, यावर कप्तानाची परीक्षा होई. तोफा डागल्या की धुराने रंग काळवंडतो, म्हणून तिमाही सरावाचे गोळे कसेबसे उडवून मोकळे होणारे अधिकारीही होते. १८८२ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या किल्ल्यांवर प्रचंड मारा झाला. निकामी झालेल्या शत्रूच्या तोफा मात्र मोजक्याच निघाल्या.

स्कॉट यांचे नाव झाले ते भूमध्य समुद्रातील ‘सिला’ या क्रूझरवर (वेगवान मध्यम युद्धनौकेवर). जहाज लाटांवर डोलते, तेव्हा नेम टिकत नाही. म्हणून गोलंदाज तोफ एका जागी ठेवून डोलता डोलता लक्ष्य समोर येण्याची वाट पाहत आणि त्या क्षणी चाप ओढत. १८९८ च्या सरावात स्कॉट यांच्या ध्यानात आले, की आपला एक गोलंदाज इतरांपेक्षा बराच सरस आहे. तो वाट पाहत नव्हता. जहाज वर-खाली होईल तसे तोफेचे चक्र फिरवून दुर्बीण सतत लक्ष्यावर रोखून धरत होता. एकाला नकळत जमलेली ही गोष्ट सगळ्यांना शिकवता येईल, हे ओळखणे हेच स्कॉट यांचे खरे कर्तृत्व. त्यांनी चक्राचे दाते बदलून तोफ हलकी फिरेल अशी केली आणि दुर्बिणीला तोफेचा धक्का लागणार नाही अशी सोय केली. ‘डॉटर’ नावाचे एक साधे यंत्रही बनवले. त्यात तोफेसमोर कागदी लक्ष्य वर-खाली सरकते आणि चाप ओढला की पेन्सिलीचा ठिपका उमटतो. दारूगोळा खर्च न करता दिवसभर सराव होऊ लागला. १८९९ च्या स्पर्धेत ‘सिला’च्या ४·७ इंची तोफांनी ७० पैकी ५६ गोळे लक्ष्यावर मारले. हा आकडा खरा कसा असेल, अशीच अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती.

त्याच वर्षी ते ‘टेरिबल’ या मोठ्या क्रूझरचे कप्तान झाले. दक्षिण आफ्रिकेत बोअर (डच वंशाचे वसाहतवाले) व ब्रिटिश यांच्यात युद्ध पेटले होते आणि बोअरांच्या लांब पल्ल्याच्या तोफांना ब्रिटिश लष्कराकडे उत्तर नव्हते. सायमन्स टाउनच्या गोदीत स्कॉट यांनी एक-दोन दिवसांत ४·७ इंची नाविक तोफा जमिनीवर बसवण्याचे सांगाडे तयार करवले. ‘पॉवरफुल’ जहाजाने त्या दरबानला नेल्या. बोअरांचा वेढा आवळला जाण्याआधी त्या ब्रिटिशांच्या ताब्यातील लेडीस्मिथ शहरात जेमतेम पोहोचल्या. स्कॉट स्वतः दरबानचे लष्करी प्रशासक होते. पुढे चीनमध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी याच जहाजाच्या तोफा तिएनत्सिनला वापरल्या गेल्या. चीनच्या किनाऱ्यावरच अमेरिकन अधिकारी विल्यम सिम्स यांनी स्कॉट यांची पद्धत पाहिली आणि आपल्या आरमाराला ती स्वीकारायला लावली.

१९०३ मध्ये ते ‘एक्सलंट’चे प्रमुख आणि १९०५ मध्ये लक्ष्यवेध सरावाचे निरीक्षक झाले. अ‍ॅडमिरल फिशर यांचा त्यांना पाठिंबा होता. त्यामुळेच फिशर यांचे विरोधक लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड त्यांना पाण्यात पाहत. नोव्हेंबर १९०७ मध्ये जर्मन सम्राट कैसरच्या भेटीसाठी जहाजे रंगवण्याचा हुकूम बेरेसफर्ड यांनी काढला. स्कॉट यांच्या तुकडीतील ‘रॉक्सबरो’ने गोलंदाजीचा सराव चालू ठेवण्याची परवानगी मागितली. गोलंदाजीपेक्षा रंगकामाला जास्त मागणी दिसते, तेव्हा वेळेत येऊन नटून घ्या, अशा अर्थाचे उत्तर स्कॉट यांनी संदेशातून दिले. ताफ्यासमोर त्यांची जाहीर कानउघाडणी झाली आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. मुद्दा स्कॉट यांचा बरोबर होता, पण तिखट जिभेने त्यांनी आपल्याच सुधारणांना शत्रू मिळवून दिले, हेही खरे.

त्यांची दुसरी मोठी कल्पना केंद्रीय नेमाची. धूर आणि तुषारांत खालच्या गोलंदाजांना काही दिसत नाही. म्हणून डोलकाठीवर उंच बसलेल्या एकाच अधिकाऱ्याने नेम धरायचा आणि सर्व तोफा विजेच्या साहाय्याने एकदम उडवायच्या. आरमाराने ती वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवली. नोव्हेंबर १९१२ मध्ये ही योजना बसवलेली ‘थंडरर’ आणि जुन्या पद्धतीची ‘ओरायन’ या युद्धनौकांची तुलना झाली, तेव्हा ‘थंडरर’चे सुमारे सहापट गोळे लागले. जर्मन आरमाराशी झालेल्या १९१६ च्या जटलंडच्या लढाईपर्यंत जवळजवळ सर्व ब्रिटिश महायुद्धनौकांवर ही योजना बसली होती.

१९१३ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळून ते निवृत्त झाले. जून १९१४ मध्ये त्यांनी ‘द टाइम्स’ला लिहिलेल्या पत्राने खळबळ उडाली. मोटारीने घोडा रस्त्यावरून घालवला तशी पाणबुडी युद्धनौकेला समुद्रावरून घालवणार, असे तोफांत हयात घालवलेला माणूस सांगत होता. अनेकांनी खिल्ली उडवली. पहिले महायुद्ध पेटल्यावर त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी ‘यू-९’ या एकाच जर्मन पाणबुडीने ‘अबुकीर’, ‘होग’ व ‘क्रेसी’ या तीन क्रूझर बुडवल्या. सुमारे १,४५० खलाशी मेले.

युद्धकाळात त्यांना परत बोलावण्यात आले. व्यापारी जहाजांवर लाकडी सांगाडे चढवून खोट्या युद्धनौकांचा ताफा उभारणे हे एक काम. सप्टेंबर १९१५ पासून काही महिने झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांपासून लंडनच्या तोफसंरक्षणाची जबाबदारी हे दुसरे. त्यासाठी त्यांनी पॅरिसहून मोटारीवर बसवलेली फ्रेंच ७५ मिमी. तोफ मागवली. जटलंडला ‘डिफेन्स’ क्रूझर सर्व खलाशांसह बुडाली. तीवर त्यांचा थोरला मुलगा होता. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी आरमार-खात्याला धारेवर धरले आहे.