दहाच्या बाजूची दुसरी चावी

मागच्या महिन्यात मित्राने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. वापरलेलं ओमेगा सीमास्टर, तीनशे मीटरवालं, विकायला निघालेलं. जाडजूड स्टीलची केस, निळ्या डायलवर लाटांची नक्षी, भोवती फिरणारी कडी. किंमत वाचून मी आधी खुर्चीत नीट बसलो. फोटोखाली त्याचा प्रश्न होता : ‘तीनच्या बाजूची चावी कळली. दहाच्या बाजूला ही दुसरी कसली? विकणारा म्हणतो हीलियमचा व्हॉल्व्ह आहे, त्याच्यामुळेच घड्याळ एवढं खोल जातं.’

विकणारा फसवत नसावा, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पण गोष्ट नेमकी उलटी आहे. त्या झडपेचा खोल जाण्याशी काही संबंध नाही, ती वर येताना लागते. आणि गंमत म्हणजे तेव्हा घड्याळ पाण्यात नसतंच. ते एका कोरड्या खोलीत, पाणबुड्याच्या मनगटावर असतं.

खोल जाण्याचं काम सरळ आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एक बारने, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. काचेचा व्यास तीन सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर. तीनशे मीटरवर त्या काचेवर 210 किलोंचा भार येतो, सिमेंटच्या चार पोत्यांहून जास्त. म्हणून काच जाड, मागचं झाकण आट्यांचं आणि सांध्यांत रबरी रिंगा. दाब बाहेरून आत असल्यामुळे काच आपल्या बैठकीवर आणखीच घट्ट बसते.

इथे एक लाडका गैरसमज मोडून टाकतो. ‘तीस मीटर लिहिलेलं घड्याळ पोहताना चालत नाही, कारण हात मारला की दाब कैक पटींनी वाढतो,’ असं घड्याळांच्या दुकानातही छातीठोकपणे सांगतात. हिशेब करून बघा. हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरवला (जमतंय का तेही बघा) तरी वाढणारा दाब, अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, येतो बारचा आठवा भाग. म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाणी. खरं कारण साधं आहे. नेहमीच्या घड्याळांत प्रत्येक नग तपासावाच लागतो असं नाही, नमुने तपासले तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांच्या आयएसओ 6425 या मानकात मात्र एकूणएक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं.

आता त्या कोरड्या खोलीकडे. समुद्राच्या दाबाखाली माणसाच्या अंगात वायू विरघळत जातात आणि वर येताना ते सावकाश बाहेर काढावे लागतात, नाहीतर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. पण साधारण दिवसभरात अंग वायूने भरून जातं आणि मग आणखी विरघळत नाही. म्हणजे खाली एक दिवस राहा नाहीतर महिना, वर यायला वेळ तेवढाच. मग रोज वर-खाली कशाला करायचं? अमेरिकी नौदलातले डॉक्टर जॉर्ज बाँड यांनी हा विचार उचलून धरला. 1964 साली बर्म्युडाजवळ ‘सीलॅब’ नावाचं घर सुमारे 58 मीटर खोल समुद्रतळावर ठेवून त्यात माणसं राहिली. आज हे पाणबुडे बोटीवरच्याच, समुद्रतळाइतका दाब भरलेल्या टाकीत (हीच ती कोरडी खोली) राहतात, तिथेच जेवतात-झोपतात आणि कामापुरते घंटा म्हणतात त्या दाबबंद डब्यात बसून खाली जातात. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, 75 मीटर पाण्यात असलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या नळांची कामंही अशीच चालतात.

टाकीतल्या हवेत नायट्रोजन चालत नाही, एवढ्या दाबाखाली त्याची नशा चढते. म्हणून हीलियम. आवाज कार्टूनमधल्या बदकासारखा होतो, पण डोकं ठिकाणावर राहतं.

(हीलियम म्हटलं की आपल्याकडे विजयदुर्ग निघतोच. 18 ऑगस्ट 1868च्या सूर्यग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने किल्ल्यावरून हीलियम शोधला म्हणतात, चौथरेही दाखवतात. त्या वर्षी लॉकयर भारतात नव्हता. त्याने सूर्याच्या प्रकाशातली हीलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहणाशिवाय पाहिली. ते ग्रहण भारतातून पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता तो गुंटूरला. विजयदुर्ग मोठा व्हायला हीलियमची गरज नाही, आंग्रे पुरेसे आहेत.)

तर शंभर मीटरच्या दाबाला भरलेली टाकी, आत साडेदहा बार हीलियम आणि पाणबुड्याच्या हातात घड्याळ. हीलियम घड्याळात शिरतो. का? ‘कारण त्याचा अणू फार लहान असतो,’ हे उत्तर सगळीकडे छापलेलं असतं. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. कारण वायू चाळणीतून गाळताना त्यांचा जो आकार धरतात, तो हीलियमचा 2.6 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि पाण्याच्या रेणूचा 2.65. जवळजवळ सारखेच! मग रिंगेतून हीलियम जातो आणि पाणी कसं अडतं?

त्याचं उत्तर असं, की पाणीही अडत नाही. रबर म्हणजे भिंत नव्हे, लांबलचक साखळ्यांचा गुंता आहे. साखळ्या सतत वळवळत असतात, मधे क्षणभर भोकं पडतात आणि मिटतात. द्रवरूप पाण्याला त्यातून धार लावता येत नाही, पण सुटे रेणू एका भोकातून दुसऱ्यात उड्या मारत पलीकडे पोचतात, मग ते हीलियमचे असोत वा वाफेचे. किती जातील हे तीन गोष्टींवर ठरतं : रबरात किती विरघळतात, आत किती चपळाईने सरकतात आणि दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक किती. हीलियम रबरात फारसा विरघळत नाही, पण सरकतो जोरात. कार्बन डायऑक्साइड मोठा असूनही खूप विरघळतो, म्हणून साध्या रबरातून तो हीलियमच्याही पुढे निघतो. आकारावर सगळं ठरत नाही ते असं.

आणि तिसरी गोष्ट इथे निर्णायक आहे. 30 अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब असतो जेमतेम 0.04 बार. घड्याळ एक मीटर पाण्यात असो की शंभर, तो जवळपास तेवढाच राहतो. हीलियमला मात्र मागून साडेदहा बारचा रेटा आहे, अडीचशे पट. वाफ वर्षानुवर्षं झिरपते, हीलियम काही दिवसांत आतबाहेर समान होतो. समान झाला की बिघडलं काहीच नाही, घड्याळ मजेत चालतं.

मग टाकीचा दाब उतरवू लागतात. बाहेरचा दाब कमी होतो, आतला हीलियम ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघायला बघतो, पण वाट अरुंद आणि घाई जास्त. आतून काचेवर सत्तर किलोंपर्यंत भार येऊ शकतो. बाहेरच्या दाबाने घट्ट बसावी म्हणून केलेली काच, तिला आतून ढकललं की टपकन उडते. सीलॅबच्या काळात हे पाणबुड्यांच्या लक्षात आलं आणि 1967च्या सुमारास रोलेक्सच्या सी-ड्वेलरमध्ये स्प्रिंगवर टेकलेली एक इवलीशी झडप आली. आतला दाब काही बारने जास्त झाला की ती आपोआप उघडते. मित्राच्या फोटोतली हातानं फिरवून उघडायची, एवढाच फरक. सेइकोने 1975 साली वेगळा डाव टाकला : एकसंध टायटॅनियमची केस आणि एल आकाराची रिंग, म्हणजे हीलियम शिरायलाच वाव कमी. झडप नाहीच. मला विचाराल तर डोकं त्यांनी जास्त चालवलं.

मित्र डोंबिवलीच्या जिमखान्यात पोहतो. त्याला हीलियम भेटणार फुग्यात.

म्हणून मी त्याला झडप सोडून दे, रिंगा कधी बदलल्या ते विचार, असं कळवलं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, चपटं होऊन बसतं. वापरलेल्या घड्याळाच्या डायलवरचे ‘300 मीटर’ हे ते नवं असतानाचे असतात. विकणारा म्हणाला, ‘कपाटातच होतं साहेब, पाणी लागलेलंच नाही.’ बॉक्स होता, कागद होते, सर्व्हिसची पावती नव्हती.

शेवटी आम्ही ते ओळखीच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी ते तापत्या पत्र्यावर ठेवलं, हाताला चांगलं गरम लागेपर्यंत. मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब सोडला. मिनिटभराने कापडाने टिपला आणि भिंग डोळ्याला लावलं. हीच तपासणी त्या मानकातही आहे.

काचेच्या आतल्या बाजूला, सहाच्या आकड्यावर, वाटाण्याएवढं धुकं धरलं होतं.