माजी नौसैनिक संघटनेची शाखा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय

कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी माजी नौसैनिक संघटनेच्या शाखेचा इतिहास लिहायला घेतला, की जुने सभासद हमखास एक वाक्य ऐकवतात: "आपले सैनिक बोर्ड अमुक साली सुरू झाले." या वाक्यातले 'आपले' संघटनेच्या शाखेला लागू पडते आणि 'सैनिक बोर्ड' हे नाव जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाचे आहे. बोलताना ही सरमिसळ खपून जाते, पण ती छापली गेली की शाखेचे स्थापना-वर्ष चुकते, कार्यालयाने दिलेली मदत शाखेच्या नावावर जमा होते आणि शाखेने स्वतःच्या वर्गणीतून केलेले काम सरकारी खात्यावर चढते.

गोंधळाला कारणेही तशीच आहेत. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हे बहुधा सैन्यदलांतून निवृत्त झालेलेच असतात, त्यामुळे कार्यालयात शिरताच समोर आपल्यातलाच माणूस भेटतो. दोन्हीकडे ओळखपत्र विचारले जाते, दोन्हीकडे माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची यादी असते आणि दोन्हीकडच्या पाट्यांवर 'सैनिक' व 'कल्याण' हे शब्द आढळतात. शाखेच्या पत्रकावर नांगराचे चिन्ह असले, की ते पत्र नौदलाकडूनच आले आहे असे गावाला वाटते. तरीही या दोन संस्थांचा जन्म, अधिकार आणि कागद पूर्णपणे निराळे आहेत.

कार्यालय जन्माला येते ते शासनाच्या आदेशाने. त्याची परंपरा पहिल्या महायुद्धानंतरची आहे. युद्धावरून परतलेल्या शिपायांच्या प्रश्नांसाठी १९१९ साली केंद्रीय पातळीवर 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झाले. त्या नावात फक्त भूदलातला शिपाई होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदल आणि हवाई दल वाढले, तेव्हा १९४४ साली नाविक आणि वैमानिक यांचाही नावात समावेश करण्यात आला, आणि १९७५ पासून या संस्थेला केंद्रीय सैनिक मंडळ म्हणतात. नाविकाला या नावात यायला २५ वर्षे लागली, ही गोष्ट नौसैनिकांच्या शाखेचा इतिहास लिहिणाऱ्याने आवर्जून नोंदवावी, कारण वेगळी संघटना असावी ही भावना नाविकांत का होती हे त्यातून थोडेफार कळते. संरक्षणमंत्री केंद्रीय मंडळाचे अध्यक्ष असतात, राज्यात पुण्याहून सैनिक कल्याण विभाग काम पाहतो, आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. कार्यालयातले कर्मचारी शासनाचे पगारी नोकर असतात आणि त्यांच्या कामाची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते.

शाखेचे मूळ मात्र माणसांच्या ठरावात असते. महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदली जाते. त्यासाठी किमान सात माणसे लागतात. येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते बहुतेक शाखांच्या स्थापना-वर्षाचे वाद त्यातूनच उद्भवतात. पुष्कळदा नोंदणी मुंबईतल्या मध्यवर्ती संस्थेची असते आणि गावची शाखा तिच्या घटनेनुसार, केवळ मान्यतेच्या पत्रावर चालते. अशा शाखेचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक कोठेच सापडत नाही. मग कोणी मध्यवर्ती संस्थेचे नोंदणी-वर्ष शाखेचे म्हणून छापतो, तर कोणी जिल्ह्यातल्या सैनिक मंडळाचे वर्ष उचलतो. खरे वर्ष पहिल्या सभेच्या इतिवृत्तात, किंवा ते हरवले असल्यास मान्यतेच्या पत्रावरील तारखेत पाहावे.

शाखा स्वतंत्रपणे नोंदलेली असेल, तर इतिहासकाराचे काम बरेच सोपे होते. कार्यकारिणी बदलली, की विश्वस्त संस्थेला धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. असे अर्ज वर्षावर्षाने एकापुढे एक लावले, की कोण केव्हा अध्यक्ष झाला, कोणाच्या निधनाने जागा रिकामी झाली, कोणत्या वर्षी निवडणुकीवरून तंटा झाला हे क्रमाने दिसू लागते. जेथे सलग काही वर्षे अर्जच नाहीत, तेथे शाखा झोपली होती की केवळ कार्यवाहाने कागद भरले नव्हते, याचा शोध इतिवृत्तातून आणि बँकेच्या पासबुकातून घ्यावा. पासबुकात वर्गणीच्या लहान लहान रकमा जमा होत राहिलेल्या दिसल्या, तर शाखा जिवंत होती असे निश्चित म्हणता येते.

अधिकारांतला फरक सर्वसामान्य कुटुंबाला अधिक जाचतो. माजी सैनिकाची आणि त्याच्या पत्नीची अधिकृत नोंद, ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीची शिफारस, घरपट्टीच्या सवलतीसाठी लागणारे प्रमाणपत्र, ध्वजदिन निधीतून मिळणारी मदत ही सगळी कामे कार्यालयाकडून होतात. शाखा यांपैकी काहीही देऊ शकत नाही. केंद्रीय सैनिक मंडळ काही माजी सैनिक संघटनांना मान्यता देते हे खरे, परंतु मान्यता मिळाली म्हणून संघटना शासनाचा भाग होत नाही. नवरा वारल्यानंतर शाखेच्या वहीत नाव लिहून आलेली बाई आपली नोंद झाली असे समजून वर्षभर थांबते, असे घडते, आणि ते फार वाईट आहे. शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत हा फरक स्पष्ट सांगायला हवा.

उलट, कार्यालयाला जे जमत नाही ते शाखा करते. कार्यालय तिन्ही दलांसाठी असते आणि जिल्ह्यात बहुसंख्य माजी सैनिक भूदलाचे असतात. नौसैनिकाची कागदपत्रे भूदलाच्या रेजिमेंटप्रमाणे निरनिराळ्या अभिलेख कार्यालयांत विखुरलेली नसतात, ती मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. तेथे पत्र कसे लिहायचे, सेवापुस्तिकेतल्या कोणत्या नोंदीचा उल्लेख करायचा, जहाजावरच्या कोणत्या हुद्द्याचा आजच्या निवृत्तिवेतनाच्या तक्त्यात काय अर्थ होतो, हे शाखेतला एखादा निवृत्त रायटर, म्हणजे नौदलातला कारकून, तोंडपाठ सांगतो. अंत्ययात्रेला गणवेशातले पाच जण उभे राहतात, तेही शाखेमुळेच. येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: नेव्ही फाउंडेशन ही निवृत्त अधिकाऱ्यांची संस्था आहे आणि नाविकांच्या संघटना वेगळ्या आहेत, तेव्हा त्यांची कागदपत्रेही एकमेकांत मिसळू नयेत.

डिसेंबर महिन्यातली छायाचित्रे ही सरमिसळीची खास जागा आहे. ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या युद्धात त्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याच्या स्मरणार्थ १९७२ पासून तो या तारखेला साजरा होतो. हा दिवस शाखेचा स्वतःचा असतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ सालापासून पाळला जाणारा. त्याचा निधी शासनाचा, संकलनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि शाखेचे सभासद त्यात पाहुणे म्हणून किंवा मदतनीस म्हणून येतात. ९ डिसेंबरला, त्याच युद्धात १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह बुडालेल्या 'खुकरी' या युद्धनौकेतील वीरांना अनेक जण मानवंदना देतात. भिंतीवरच्या चौकटीत जिल्हाधिकारी मध्यभागी बसलेले दिसले, म्हणून ते शाखेचे उद्घाटन होते असे लिहिण्याआधी मागची तारीख वाचावी. १९७२ पूर्वीच्या छायाचित्राखाली '४ डिसेंबर, नौदल दिन' असे लिहिले असेल, तर ती ओळ नंतर कोणी लिहिली आहे हे नक्की समजावे. अशीच कसोटी नावांनाही लावता येते. 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव १९३४ साली आले आणि २६ जानेवारी १९५० रोजी त्यातले 'रॉयल' गेले, त्यामुळे १९३० सालच्या नोकरीच्या आठवणीत हे नाव येत असेल तर तेथे 'रॉयल इंडियन मरीन' अभिप्रेत असते.

दोन्हींच्या नोंदवह्यांतला सर्वांत मोठा फरक सभासद कोण यात आहे. कार्यालय 'माजी सैनिक' या शब्दाची शासकीय व्याख्या पाळते, आणि ती व्याख्या सेवामुक्तीच्या तारखेनुसार बदलत आली आहे. एके काळी नौदलात दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढे दहा वर्षे राखीव दलात, अशी भरतीची अट होती. १९७६ साली राखीव दलात घेण्याची पद्धत बंद झाली, आणि दहा वर्षांनी घरी परतलेल्या नाविकांच्या निवृत्तिवेतनाच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो २०१६ साली. इतक्या वर्षांत हे लोक गावात 'नेव्हीवाले' म्हणूनच ओळखले जात होते. शाखेच्या घटनेत 'नौदलात सेवा केलेली कोणतीही व्यक्ती' असे शब्द असतील, तर त्यांना पहिल्या दिवसापासून सभासदत्व मिळाले असणार.

त्याहून जुनी गोष्ट १९४६ ची. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या तळावरून नाविकांचा उठाव सुरू झाला, आणि त्यात भाग घेतलेल्या अनेकांना बडतर्फ करून गावी पाठवण्यात आले. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी हा उठाव पुढे मान्य झाला, पण तो लाभ गृहखात्याच्या दप्तरातला आहे, सैनिक मंडळाच्या नव्हे. बडतर्फ नाविकाचे नाव माजी सैनिकांच्या सरकारी यादीत शोधत बसण्यापेक्षा, एखाद्या जुन्या शाखेच्या हजेरीपटावर त्याची सही आहे का ते पाहावे. सरकारी दप्तर जतन करायला नियम आणि अभिलेखकक्ष असतो. शाखेची वही मात्र शेवटच्या कार्यवाहाबरोबर त्याच्या घरी जाते आणि माळ्यावर पडून राहते. इतिहास लिहिणाऱ्याने कार्यालयाचा जिना चढण्याआधी त्या घरी जावे, घरच्यांच्या परवानगीने वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, आणि वही होती तेथेच परत ठेवावी.